कुंदामावशीची निवडणूक

गेल्या रविवारी आमच्या महाराष्ट्र मंडळाने कुंदामावशीची शोकसभा घेतली. जो उठला तो पुरणपोळीवर बोलला. पोळी किती मऊ, कटाला कशी तर्री, गणपतीत किती माणसांचा स्वयंपाक ती एकटी उचलायची. शेवटी मंडळाचे अध्यक्ष शिरीषकाका माइकसमोर आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "मावशी अजातशत्रू होत्या. राजकारणापासून त्या कायम लांब राहिल्या. म्हणून त्या आपल्या सगळ्यांच्या होत्या."

मागच्या रांगेत बसून मी खुर्चीची कड घट्ट धरली होती. मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, याचा एवढा निर्लज्ज फायदा घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला. म्हणून हे लिहिते आहे.

कुंदामावशी मूळची नागपूरची. ह्यूस्टनच्या एका इस्पितळात ती आयुष्यभर श्वासाच्या रुग्णांना सांभाळत होती. ऑक्सिजन लावणं, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला हळूहळू स्वतःच्या दमावर आणणं, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर शुगर लँडच्या घरात ती एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दूर अ‍ॅशबर्नला. बुटकी, रुंद, पांढऱ्या केसांचा बॉब, आणि ऋतू कुठलाही असो, पायांत इस्पितळातले ते पांढरे जाड तळव्यांचे बूट. "बारा-बारा तास उभं राहायची सवय आहे गं या पायांना," म्हणायची, "बसवलं की रुसतात."

मला ती 'पत्रकवाली' म्हणायची. इचलकरंजीत माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनची पत्रकं काढायचे आणि मी वाचायला त्या पत्रकांवर शिकले, हे तिला कुठूनतरी कळलं होतं. मी इथे नोकरीच्या व्हिसावर आहे. मला मत नाही. तिला होतं, आणि ते ती असं वापरायची की आमच्याकडच्या लोकांना लाज वाटायला हवी होती.

तिचा सिद्धान्त एकच. "निवडणूक मार्चमध्ये होते. नोव्हेंबरमध्ये नुसतं बारसं." आमचा मतदारसंघ पिढ्यान्‌पिढ्या हत्तीचं चिन्ह असलेल्या पक्षाचा. त्या पक्षाने मार्चच्या प्राथमिक निवडणुकीत ज्याला उमेदवार केलं, तो नोव्हेंबरमध्ये झोपून राहिला तरी निवडून येतो. आणि आमच्या राज्यात त्या प्राथमिक निवडणुकीत कोणत्याही नागरिकाला मत देता येतं, पक्षाचा सभासद असावं लागत नाही. हे आपल्या लोकांना माहीत नसतं. माहीत असलं तरी 'आपण त्या पक्षाचे नाही' म्हणून ते मार्चमध्ये घरी बसतात, नोव्हेंबरमध्ये रांगेत उभे राहून फोटो टाकतात आणि मग चार वर्षं हळहळतात. "गाढवाच्या चिन्हावर शिक्का मारून मन शांत होते," मावशी म्हणायची, "पण इथला कारभार हत्तीवर बसून चालते ना बाप्पा. मग माहूत कोण, ते तर बघा!"

दर संक्रांतीला ती घरी हळदीकुंकू करायची. विधवेने हळदीकुंकू करावं यावर काही बायका अजूनही नाक मुरडायच्या, पण तिळाची वडी खायला यायच्या. वाण म्हणून ती फ्रिजवर लावायचं चुंबक द्यायची. त्यावर प्राथमिक निवडणुकीची तारीख, मतदान केंद्राचा पत्ता आणि खाली लहान अक्षरांत 'तिळगूळ घ्या, मत द्या'. एका वर्षी तिने तीच चुंबकं मंडळाच्या हळदीकुंकवात नेली. दुसऱ्याच आठवड्यात शिरीषकाकांचा फोन.

"मावशी, सणावारात पॉलिटिक्स नको. मंडळ नॉन-पॉलिटिकल आहे."

"मी कुणाचं नाव लिहिलं का त्याच्यावर? तारीख लिहिली."

"लोकांना अनकम्फर्टेबल होतं."

"मग त्यांना वाण म्हणून उशा वाटा ना."

त्यानंतर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अध्यक्ष आणि सेक्रेटरीच लिहू शकतील अशी सोय झाली. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

आमचा राज्याच्या सिनेटमधला प्रतिनिधी होता रॉय हटन. वॉशिंग्टनचा नव्हे, राज्याचा सिनेटर. सत्ताधारी पक्षाचा, पण मवाळ. चर्चला जाणारा, बंदूक बाळगणारा, आणि तरीही गुरुद्वाऱ्यात डोक्याला रुमाल बांधून जमिनीवर बसणारा. मागच्या अधिवेशनात एक विधेयक आलं होतं: तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला या राज्यात घर विकत घेता येऊ नये. म्हणजे मला, माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना, मंडळातल्या दर तिसऱ्या तरुण जोडप्याला. ते विधेयक हटन अध्यक्ष असलेल्या समितीकडे गेलं. त्याने त्यावर भाषण केलं नाही. विरोध जाहीर केला नाही. नुसतं ते सुनावणीला लावलं नाही, आणि अधिवेशन संपलं. बस. आणि त्याच अधिवेशनात शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं काढायच्या ठरावावर याच माणसाने निमूट हात वर केला.

मला हा माणूस सहन होत नव्हता. अन्यायाला अन्याय म्हणायला ज्याची जीभ उचलत नाही, त्याच्यासाठी ही बाई दारोदार फिरते? मी एकदा तिला तोंडावर म्हणाले, "मावशी, कुंपणावर बसलेल्या माणसाला टेकू देतेस तू."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ऑक्सिजन म्हणजे काही औषध नाही, पत्रकवाली. ऑक्सिजनने न्यूमोनिया बरा होत नाही. पण औषध येईपर्यंत माणूस राहिला तर पाहिजे ना? तू औषध लिहून आण. मी तोवर नळी धरून ठेवते."

या वर्षी हटनविरुद्ध पक्षातूनच ट्रेंट बोमन उभा राहिला. पिकअप ट्रकांच्या शोरूमचा मालक. त्याच्या प्रत्येक फलकावर एकच वाक्य: आपली घरं आपल्या माणसांसाठी. हटन पडला तर ते विधेयक जानेवारीत परत येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

फेब्रुवारीत मावशीने हटनला घरी बोलावलं. तिच्याकडे चपला-बूट दाराशीच. गुडघ्यापर्यंतचे ते चामड्याचे बूट ओढून काढताना सिनेटरची फार तारांबळ उडाली. मावशीने त्याला स्टूल दिलं आणि स्वतः बुटाची टाच धरून ओढली. दिवाणखाना भरला होता. साबुदाणा वडे, चटणी, मसाला चहा. लोकांनी सेल्फी काढले. मग प्रश्न. प्रॉपर्टी टॅक्स कमी होईल का? आमच्या वसाहतीच्या तोंडाशी सिग्नल कधी बसणार? त्या विधेयकाबद्दल एकानेही विचारलं नाही. का विचारतील? मत असलेल्यांची घरं घेऊन झाली होती.

शेवटी मीच विचारलं. "तुम्ही त्या विधेयकाविरुद्ध उघड का बोलला नाहीत?"

हटनने चहाचा कप खाली ठेवला. त्याचं इंग्रजी शांत, रुंद, सावकाश. म्हणाला, "मी बोललो असतो तर मी हीरो झालो असतो, आणि विधेयक मंजूर झालं असतं."

लोक हसले. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मी तोंड उघडायच्या आत मावशी वड्यांची थाळी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"ठीक आहे, सर. आणि पुस्तकांच्या वेळी? तेव्हा तुम्ही हातसुद्धा वर केला. तो कुणाला वाचवायला?"

शिरीषकाका घाईघाईने म्हणाले, "मावशी, गेस्ट आहेत ते." हटन थाळीकडे बघत राहिला. मावशीने त्याच्या बशीत अजून एक वडा ठेवला. "खा," ती म्हणाली, "पण उत्तर बाकी राहिलं हं." आणि मग आमच्याकडे वळून मराठीत, "याला मत द्यायचं. आणि मग याची मानगूट सोडायची नाही. दोन्ही कामं आहेत."

तिची फोन करायची पद्धत मी त्याच महिन्यात जवळून पाहिली. रविवारी सकाळी, कुकर लावून, फोन स्पीकरवर. समोरचा माणूस काय म्हणतो यावरून ती त्याला ओळखायची. "बघू" म्हणाला, तर तो नाही येणार पण निदान खोटं बोलत नाही. "हो हो, नक्की" म्हणाला, तर नक्की नाही येणार. आणि "कुठे जायचं?" असं विचारलं की मावशी कुकर बंद करायची, कारण हा खरा मतदार आणि याला नीट वेळ द्यायचा. "लोक विचारतात मला, हटनचे चान्सेस काय? मी सांगते, जितके लोक 'कुठे' विचारतील तितके."

मार्चमध्ये हटन पहिला आला, पण निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत. तिसरा एक उमेदवार मधे खाऊन गेला होता. अशा वेळी आमच्याकडे पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक होते. रनऑफ. ती मेच्या अखेरीला, मेमोरियल डेच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी. कॅलेंडर बघून मावशी मटकन खुर्चीत बसली. तिला आपण होऊन बसलेली मी क्वचितच पाहिली होती.

"गेलो आपण."

"का? पुढे आहे ना तो."

"शाळा कधी संपतात?"

मेमोरियल डेच्या आधी शाळा संपतात. आणि शाळा संपल्याच्या दिवशी आपलं सगळं मराठी शुगर लँड विमानात असतं. तिकिटं जानेवारीतच काढलेली. पुण्यात लग्न, नाशकात मुंज, आजीला नातवंडं दाखवायची. बोमनचे मतदार त्या आठवड्यात अंगणात बार्बेक्यू लावून दुसऱ्या दिवशी मतदानाला जाणार होते. आमचे कस्टमच्या रांगेत.

उपाय होता. रनऑफलाही आधी मतदान करता येतं. मार्चच्या वेळी ते दोन आठवडे चालतं, शनिवार-रविवारीही. रनऑफमध्ये मात्र फक्त आधीच्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार. मावशी कामाला लागली. एप्रिलपासून एकच वाक्य: "शुक्रवारपर्यंत मत द्या, मग खुशाल उडा." बऱ्याच जणांना पटलं. विधेयकाची गोष्ट तोवर घरोघर पोहोचली होती. कुणाचा भाचा व्हिसावर, कुणाची होणारी सून. लोक खरंच "कुठे?" विचारू लागले. मावशीचे डोळे लकाकायला लागले. मी मनात म्हटलं, जमवते ही म्हातारी.

आणि मग शिरीषकाकांना समाजसेवा सुचली.

त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर मतदानाचा संदेश टाकला. वाईट हेतूने नाही. तेवढं मी त्यांना देते. पण नवा संदेश लिहायचा कंटाळा, म्हणून मार्चचाच उचलला आणि महिना तेवढा बदलला. 'अर्ली व्होटिंग सुरू आहे. शनिवारीही केंद्र उघडं!' खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांची विमानं शनिवारी संध्याकाळी होती, ते सगळे खूश. शुक्रवारपर्यंत पॅकिंग, शनिवारी एअरपोर्टला जाता जाता मत. किती सोयीचं!

मावशीने तो संदेश पाहिला. ग्रुपवर उत्तर देता येईना, कारण तिच्यामुळेच तिथे बाकीच्यांची तोंडं बंद केली होती. शिरीषकाकांना फोन लावले, त्यांनी उचलले नाहीत. शोकसभेनंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मला वाटलं, परत कसली तरी तक्रार असणार." सेक्रेटरी आधीच भारतात. मावशी काकांच्या घरी गेली, तर गॅरेज बंद आणि शेजारी त्यांच्या तुळशीला पाणी घालत होता. काका गुरुवारीच उडाले होते. मग ती एकेकाला फोन करत सुटली. लोक बॅगांचं वजन करत होते. "हो हो मावशी, नक्की," म्हणाले.

शनिवारी सकाळी तिने मला बोलावून घेतलं. "ग्रंथालयापाशी चल. ते येतील."

"मतदान बंद आहे, मावशी. जाऊन करणार काय?"

"कुणीतरी तिथे पाहिजे ना."

मेमधलं ते ऊन. हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडाला चिकटत होती. ग्रंथालयाच्या बाजूच्या दारावर, जिथे मतदान होत असे, कुलूप. मावशी दाराच्या सावलीत उभी राहिली. मी घडीची खुर्ची आणली होती, तिला हात लावला नाही.

आणि ते आले. एकामागून एक मिनीव्हॅन. मागच्या काचेला टेकलेल्या बॅगा, त्यांच्या मुठींना लाल रिबिनी, विमानतळावर ओळखू याव्यात म्हणून. पोरं नव्या टी-शर्टांत. पहिल्या गाडीतून एक गृहस्थ लायसन्स हातात घेऊन उतरले.

"मावशी! बघा, आलो की नाही?"

"बंद आहे, संदीप. काल संपलं. आता मंगळवारी."

"काहीतरीच! शिरीषकाकांनी लिहिलंय ना शनिवार."

"शिरीष चुकला."

"अहो पण मंगळवारी आम्ही पुण्यात!"

मागच्या सीटवरून त्यांची मुलगी ओरडली, "डॅड, आय टोल्ड यू टु चेक!"

ते हसले. मला ते हसणं अजून विसरता येत नाही. खांदे उडवून, सिनेमाची तिकिटं संपल्यावर हसावं तसं. "जाऊ दे मावशी, नोव्हेंबरला बघू."

दुसरी गाडी, तिसरी. प्रत्येकाला तेच सांगायचं. कुणी चुकचुकलं, कुणी शिरीषकाकांना नावं ठेवली, कुणी घड्याळ बघितलं. गाडीतून एक बाई हात बाहेर काढून म्हणाल्या, "सॉरी हं मावशी. बरं, हे दही घ्या ना. फ्रिज रिकामा केला, वाया जाईल." त्यांचं बघून पुढच्यांनीही काढलं. अर्धा गॅलन दूध. कोथिंबिरीच्या जुड्या. कढीपत्ता. झाकण सैल झालेलं इडलीचं पीठ. मत घेऊन आलेली माणसं दही देऊन जात होती, आणि सत्कर्म केल्याच्या समाधानात हायवेला लागत होती. मावशी एकालाही रागाने शब्द बोलली नाही. प्रत्येकाला "हॅपी जर्नी" म्हणाली. मी मात्र रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले, नाहीतर मी ते दही कुणाच्या तरी काचेवर फेकलं असतं.

गाड्या यायच्या थांबल्यावर ती खुर्चीवरच्या दुधाच्या कॅनकडे बघत म्हणाली, "हे बेघरांच्या शेल्टरला देऊन येऊ. उन्हात नासते."

"मावशी, तुला राग येत नाही?"

"येऊन राहिला ना. म्हणून तर लवकर चल म्हणते."

मंगळवारी हटन पडला. किती मतांनी? आमच्या गणपतीच्या महाप्रसादाला त्याहून जास्त पानं उठतात. रात्री हटनने आपल्या कार्यकर्त्यांना एकेक करून फोन केले, आभार मानायला. मावशीचा नंबर आला तेव्हा मी तिच्याकडेच होते. तिने त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "सर, आमची माणसं शनिवारी चुकली. पण तुम्ही मार्चमध्ये एकदा स्पष्ट बोलला असता, तर लोकांना कळलं असतं की मत कशासाठी द्यायचं. रनऑफ लागलाच नसता." मग तो म्हणाला, "यू मे बी राइट, मॅम." हे मान्य करायलाही त्याला 'मे बी' लागलं!

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "म्हणजे माझंच खरं होतं ना?"

"अर्धं," ती म्हणाली. "शनिवारचं अर्धं तुझ्या पत्रकात कुठे आहे?"

एवढं मला कळतं: ज्यांना मत नाही त्यांच्या घरांचा निकाल, ज्यांना मत आहे त्यांच्या सुट्टीच्या सोयीने लागला. मवाळ नेता बोलला नाही आणि मवाळ समाज हलला नाही. दोघेही स्वभावाने सज्जन. अशा सज्जनांनी बुडवलेल्या गोष्टींचं पत्रक काढायचं झालं तर कागद पुरणार नाही.

ऑगस्टमध्ये सगळे परतले. शिरीषकाकांनी मावशीला चितळ्यांच्या नाही, पण कुठल्यातरी उत्तम दुकानाच्या बाकरवड्या आणून दिल्या. संदेशाचा विषय त्यांनी काढला नाही. तिनेही नाही. त्याच आठवड्यात तिने बोमनच्या प्रचार कार्यालयात भेटीची वेळ घेतली. मी चिडले. "त्या माणसाच्या दारात जाणार तू?"

"नोव्हेंबरनंतर तो माझा सिनेटर आहे. आवडो न आवडो. विधेयक जानेवारीत येणार. त्याच्या आधी त्याने एक तरी माणूस बघावा ना, ज्याच्याबद्दल तो लिहून राहिला. तू चल. बोलू नको. फक्त बस."

कार्यालय एका स्ट्रिप मॉलमध्ये, नेल सलून आणि डोनटच्या दुकानाच्या मधे. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं की मिस्टर बोमन आज येणार नाहीत, अपॉइंटमेंट कॅन्सल केली आहे, ईमेल पाठवला असेल. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि प्रचाराच्या जाहिरातींतला बोमनचा आवाज फोनवर मोठ्याने हसत होता.

मावशीनेही गोड हसून म्हटलं, "नो प्रॉब्लेम, आय विल वेट."

"मॅम, ते आज खरंच—"

"आय हॅव टाइम."

आम्ही थांबलो. माझी ऑफिसची मीटिंग होती, ती पुढे ढकलली, मग अजून एकदा ढकलली. शेवटी मॅनेजरचा फोन आला. व्हिसावरच्या माणसाला मॅनेजरचा फोन दोनदा वाजू देता येत नाही. मी म्हणाले, "मावशी, उठ ना. तो बाहेर येणार नाही."

"तू जा. मी उबर करते."

"तुझी तब्येत..." त्या दिवसांत तिला जिना चढताना धाप लागायची. आयुष्यभर दुसऱ्यांचा श्वास मोजणाऱ्या बाईने स्वतःचा कुणाला मोजू दिला नाही. पुढच्याच महिन्यात ती गेली.

"जा म्हटलं ना. मला इथून हलवायचं, तर त्याला बाहेर येऊन माझ्याशी बोलावं लागेल."

मी निघाले. पार्किंगमधून वळून पाहिलं तर काचेतून ती दिसत होती. भिंतीपाशी ओळीने लावलेल्या खुर्च्यांतली एक तिने दोन्ही हातांनी ओढून खोलीच्या मधोमध आणली, त्या अर्ध्या उघड्या दाराकडे तोंड करून ठेवली, आणि बसली.